यंदाचं वाण

खातीपुरा, जयपूर
७ जानेवारी २०२६

चि. सुवर्णास,

सुलूताईचे आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्ही तिकडे धुळ्याला खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस आणि फोन उचलत नाहीस. टपालाने आलेलं पत्र न फोडता फेकून देण्याइतकी मात्र तू कोडगी नाहीस. तुला मी कडेवर घेऊन हिंडवलंय, मला ठाऊक आहे.

थंडीने बोटं वळत नाहीत, तरी लिहायला बसले आहे. इथे गच्च्यांवर आत्तापासून पतंग सुरू झालेत. मधुवंती ऑफिसातून आली की चपला न काढता वर पळते. चोवीस वर्षांची घोडी झाली, पण मांजा दिसला की जेवणखाण विसरते. तुझे दाजी पुढच्या वर्षी रेल्वेतून रिटायर होतील. अजून रोज डब्यांच्या खाली वाकून चाकं तपासतात आणि घरी येऊन कंबर दुखते म्हणतात.

आईच्या तेराव्याला आपलं जे वाजलं ते तिच्या शिलाई मशीनवरून, असं मी सगळ्यांना सांगत आले. सहा वर्षं झाली त्याला. मशीन मला नकोच होतं. ते तू घेऊन जा, मी गाडीत चढवून देते. झालं का समाधान?

आता मुख्य बातमी. मी दुखणाईत होते आणि बरी झाले. घाबरू नकोस, तसलं काही नव्हतं. लिहू की नको असं चाललंय, पण आता बावन्न वर्षांच्या बाईने लाजायचं तरी कोणाला.

माझी पाळी गेली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. सुटले म्हटलं. पण तिच्यामागोमाग दुसरंच सुरू झालं. आतून कोरडं पडायचं, आग व्हायची, आणि तुझे दाजी जवळ आले की असं दुखायचं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे सांगणार कोणाला? मग मी उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, वर चतुर्थ्या आणि एकादश्या. उपासाच्या दिवशी बायकोला हात लावायचा नाही, एवढं ह्यांना मान्य. एकदा बिचारे म्हणाले, "सुलू, देवाला तरी आठवड्यातून एक सुट्टी दे." मी हसले नाही. नंतर ते पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले. कारण काय, तर पंख्याचा आवाज. पंखा दोन्ही खोल्यांत सारखाच करकरतो.

अशी दोन वर्षं गेली. शेवटी लघवीला इतकी आग व्हायला लागली की सप्टेंबरात एकटीच उठून शास्त्री नगरातल्या एका बाईडॉक्टरांकडे गेले. तिथे काय झालं ते ऐक.

माझं हिंदी तुला माहीत आहे. पंचवीस वर्षं मी एकाच युक्तीवर काढली. मराठी शब्दातल्या ळ चा ल करायचा. होळीची होली, थाळीची थाली, दिवाळीची दिवाली. कधी अडलं नाही. पण हा एक शब्द हिंदीत मोठ्याने म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती, बाळंतपणसुद्धा माहेरी चाळीसगावला झालं. तर मी खिडकीत वाकून तिथल्या बाईला हळूच म्हटलं, "मेरी पाली दो साल से बंद है."

ती म्हणाली, "पाली की बस? बंद कहाँ है आंटी, सिंधी कैंप से मिलती है. कल ही मेरी ननद आई है."

पाली हे इकडचं एक गाव आहे, जोधपूरच्या बाजूला. मी म्हटलं, "बस नहीं. मेरी खुद की."

"आपकी खुद की बस है?"

बाकावरच्या बायका खो खो हसायला लागल्या. एकीने पदर तोंडात कोंबला. दुसरीने मला विचारलं, "माहवारी की बात कर रही हो, बहनजी?" आणि मी मान हलवली तशी मलाही हसू फुटलं. दोन वर्षांत तशी हसले नव्हते. आवाज ऐकून डॉक्टर शेखावत स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, "अंदर आइए. पाली छोड़िए, और क्या-क्या बंद है वो बताइए." हसण्याच्या भरात माझ्या तोंडून खरं निघून गेलं. मी म्हटलं, "डॉक्टर साहब, सब बंद है."

मग मी बोलले, सुवर्णा. ळ, ल, जे तोंडात येईल ते. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, निम्म्याहून जास्त बायकांना होतं, आणि त्याचा नवऱ्यावर माया असण्या-नसण्याशी काही संबंध नाही. आतून लावायचं मलम दिलं, आणि जवळ येताना वापरायला एक जेल, पाण्याचं, तेलाचं नव्हे. एवढंच. दोन वर्षांचे माझे सोमवार आणि गुरुवार, आणि उत्तर काय, तर बोटाएवढी नळी.

ह्यांना सांगायला मला आणखी आठ दिवस लागले. एका दुपारी जेवणं झाल्यावर सांगितलं. ऐकून त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "दोन वर्षं मला वाटत होतं, मी तुला नकोसा झालोय." आणि रडले गं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, सासरे गेले तेव्हासुद्धा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नाक पुसून म्हणतात कसे, "डबा करकरायला लागला तर आम्ही डब्याला शिव्या देत नाही, वंगण बघतो. तू आधी बोलली का नाहीस?"

पुढचं धाकट्या बहिणीला लिहीत नाही. एवढंच सांगते की आधी शनिवार सुटला, मग गुरुवार, आणि दिवाळीच्या आत सोमवारही. दिवाण आता पाहुण्यांसाठी रिकामा आहे.

तर झालंय असं, की इथल्या मराठी मंडळाचं हळदी-कुंकू यंदा माझ्या घरी आहे, रथसप्तमीला, पंचवीस तारखेला. वाण ठरवायचं काम माझ्याकडे. दरवर्षी गाळणी, नाहीतर वाट्या. माझ्या घरात सात गाळण्या आहेत. मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं की यंदा मी ती जेलची नळी लुटणार आणि डॉक्टरांना बोलायला बोलावणार. मंडळाच्या अध्यक्ष मीनाक्षी वहिनी, त्यांचा चहाचा कप हातातच राहिला. म्हणाल्या, "सुलोचनाबाई, सौभाग्याचं वाण असतं ते."

मी म्हटलं, "मग ह्याहून सौभाग्याचं काय असतं, वहिनी?"

त्या उठून गेल्या. आता म्हणे घरोघर फोन करून सांगतायत की तिच्याकडे जाऊ नका. तोंडाने मी वाघीण आहे, पण रात्री उठून येणाऱ्यांची नावं मोजते, तुला म्हणून सांगते. ह्या सगळ्या ह्यांच्याच खात्यातल्या लोकांच्या बायका. कोणी आलंच नाही तर? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "एक वर्ष नोकरी राहिली आहे, खाली मान घालून काढीन. लूट तू."

तू इथे असतीस तर बरं झालं असतं, असं आपलं उगाच वाटलं. तुला आणखी एक लिहायचं होतं. राहू दे आता. टपाल निघायची वेळ झाली. मशीनचं काय ते कळव. तुझ्या उत्तराची मी वाट बघते आहे, हे मी कबूल करत नाही, पण बघते आहे.

तुझी,
सुलूताई


खातीपुरा, जयपूर
१ फेब्रुवारी २०२६

चि. सुवर्णास,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी लिहिलंस आणि तेही एकच ओळ. "मशीनचं पुरे झालं, ताई. खरं लिही." ना नमस्कार, ना खाली नाव. अक्षर मात्र अजून आईच्या वळणाचं आहे, म्हणून लगेच ओळखलं.

लिहिते. पण मला माझ्या रस्त्याने येऊ दे. आधी जिंकल्याची बातमी सांगते, कारण तुझ्या ओळीचं उत्तर त्याच वाटेवर आहे.

औषधवाल्याकडे मी स्वतः गेले. पन्नास नळ्या मागितल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, "आंटी, पचास? घर में शादी है क्या?" मी म्हटलं, "पूजा है." तो बिचारा एकेक नळी कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत भरायला लागला. मी सांगितलं, "भैया, काली थैली नहीं. शुभ काम का सामान है." म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, पण पांढरी पिशवी दिली. घरी आणून मी आणि मधुवंतीने प्रत्येक नळीला तिळगुळाची पुडी आणि एक घडी घातलेला कागद बांधला. कागदावर काय, कधी, कसं वापरायचं ते डॉक्टरांना विचारून मी मराठीत लिहिलं आणि मधुवंतीने त्याखाली हिंदीत. तिला मराठी वाचता येतं, पण पाळी हा शब्द ती अजून पालीच वाचते. आईवर गेली आहे.

रथसप्तमीला चारची वेळ दिली होती. सव्वाचार झाले तरी गच्चीवरच्या सतरंजीवर तीनच बायका. डॉक्टर शेखावत, शेजारची रमा आणि आयटीतली ईश्वरी, जिचं नुकतंच लग्न झालंय. मी उगाचच अत्तरदाणी पुसत होते. मनात म्हटलं, सुलोचना, हौस फिटली ना.

मग जिन्यात काठीचा आवाज आला. रत्नमालाबाई आल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून हळदी-कुंकवाला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. मी कुंकू पुढे केलं. त्यांनी कपाळ पुढे केलं.

आणि मग सुवर्णा, लाइन लागली. चपला जिन्यात मावेनात. झालं होतं काय, मीनाक्षी वहिनींनी जिला जिला फोन करून जाऊ नका सांगितलं, ती ती असं आहे तरी काय ते बघायला आली. मंडळाचं इतकं आमंत्रण मी आयुष्यात करू शकले नसते. सत्तेचाळीस जणी. दरवर्षी पंचवीसच्या वर जात नाही.

डॉक्टर हिंदीत बोलल्या आणि मी वहिनी-मावश्यांसाठी मराठी करत गेले. पहिली पाच मिनिटं सगळ्या जणी आपापल्या बांगड्या मोजत होत्या. मग ईश्वरीने हात वर केला. ती दर महिन्याला ती नंतर घ्यायची बहात्तर तासांची गोळी घेते म्हणे, आणि शिवाय खोबरेल तेल वापरते, आजी सांगायची तेलासारखं औषध नाही म्हणून. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ती गोळी अडीअडचणीची, रोजच्या संसाराची नव्हे. पाळणा लांबवायचा तर रोजच्या गोळ्या आहेत, तांबी आहे, निरोध आहे, तपासून तुला काय सोसेल ते ठरवू. आणि निरोधबरोबर तेल लावलंस तर रबर फाटतं, जेलने नाही. त्यावर मागून एक आवाज आला, "अगंबाई, म्हणून आमचा धाकटा झाला." कोण ते सांगत नाही. पण तिथून पुढे बांगड्या मोजणं थांबलं.

रमा सत्तेचाळीसची आहे. पाळी पुढे-मागे होते, म्हणजे आता काळजी नाही असं समजून बसली होती. डॉक्टर म्हणाल्या, अजून पुरती जाऊ तर द्या, पन्नाशीच्या आत असाल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पुढे असाल तर एक वर्ष जपायचं. रमाचं तोंड बघण्यासारखं झालं. लगेच नवऱ्याला फोन लावायला कोपऱ्यात गेली.

वाण लुटायची वेळ आली तेव्हा मी रत्नमालाबाईंपाशी थबकले. वाटलं, देऊ की नको, त्यांना लागेल मनाला. त्या म्हणाल्या, "थांबलीस का? जळजळ काय नवरा बघून होते? दे इकडे." सगळी गच्ची हसली, आणि डॉक्टरांनी त्यांना सोमवारी तपासायला बोलावलं. मग सगळ्यांनी मला नाव घ्यायला लावलं. मी घेतलं,

"सोमवार सोडला, गुरुवार सोडला, सोडले सगळे उपास,
दशरथरावांचं नाव घेते, यंदाचं वाण आहे खास."

शेजारच्या गच्चीवरची पतंगवाली मंडळी वळून बघायला लागली, इतका दंगा झाला. तुझे दाजी खाली स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कान लाल झाले होते म्हणे, मधुवंतीने सांगितलं, पण चहा मात्र त्यांनी सत्तेचाळीस जणींना पुरवला. सातही गाळण्या एकदम कामाला आल्या.

आता खरं.

शेवटी शेवटी स्वप्नाली नावाची एक मुलगी उभी राहिली. नगरची आहे, नवरा खातीपुरा स्टेशनवर. कडेवर पाच महिन्यांचं बाळ. बाळाचं टोपडं दोनदा सारखं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला फार दुखतं हो. सासूबाई म्हणतात, सगळ्यांनाच दुखतं."

मला हे डॉक्टरांसाठी हिंदीत करायचं होतं. मी डॉक्टरांकडे न वळता तिच्याकडेच बघत राहिले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. स्वप्नालीला वाटलं, ती काहीतरी वावगं बोलली, आणि ती खाली बसायला लागली. मी तिचा हात धरला. हिंदी राहिलं बाजूला, मी मराठीतच म्हटलं, "बसू नकोस. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या बहिणीला ऐकवलं होतं. ते खोटं आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचं मी कष्टही घेतले नाहीत."

सत्तेचाळीस बायकांसमोर म्हटलं, सुवर्णा. कोणी हसलं नाही. रत्नमालाबाईंनी नाकाला पदर लावला. मग मधुवंतीने उठून डॉक्टरांना सगळं हिंदीत सांगितलं, तिच्या मोडक्या मराठीतून जेवढं कळलं तेवढं. डॉक्टर स्वप्नालीला म्हणाल्या की अंगावर पाजतेस तोवर शरीर असंच कोरडं पडतं, टाके कसे भरलेत तेही बघायला हवं, आणि हे सगळं बरं होतं. पोरीच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते मी बघत होते, आणि मला तू दिसत होतीस.

एकोणीस वर्षांपूर्वी आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. तू चार महिन्यांच्या आर्यनला घेऊन एकटी एवढ्या लांब आलीस. आपण मेथी निवडत होतो. तू मान खाली घालून म्हणालीस, "ताई, फार दुखतं गं. मला तिकडे जायची भीती वाटते." आणि मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "नाटकं करू नकोस. सगळ्यांनाच दुखतं. नवऱ्याला नाही म्हणशील तर तो दुसरं दार बघेल." तिसऱ्या दिवशीच्या गाडीत तुला बसवून दिलं. तू खिडकीतून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, बरी समजावली तिला. त्यानंतर तू किती वर्षं तसंच सोसलंस, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

आईच्या तेराव्याला तू म्हणालीस, "आयुष्यात एकदाच तुला काही सांगितलं होतं." तू काय म्हणतेस ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि मी मोठ्या आवाजात मशीनचा विषय काढला. मशीनवरून भांडणं सोपं होतं.

मला स्वतःला दुखेपर्यंत मला तुझं दुखणं कळलं नाही, ह्याची मला लाज वाटते. ही लाज मात्र मी ठेवणार आहे, बाकीच्या सोडल्या.

परवा मीनाक्षी वहिनी आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. म्हणाल्या, "ते उरलंय का काही? नणंदेसाठी हवं होतं." उरलेल्या तिन्ही दिल्या. त्यांची नणंद अमेरिकेत असते, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे. मी काही बोलले नाही. मोठेपणी मला थोडं थोडं गप्प बसता यायला लागलंय. स्वप्नालीही डॉक्टरांकडे जाऊन आली, सासूला बरोबर घेऊन. कशी नेली म्हणून विचारलं तर म्हणते, "तुमचं नाव सांगितलं, ताई." म्हणजे माझ्या नावाला आता एवढा दरारा आहे. खूप जिंकले मी यंदा, सुवर्णा. घरात जिंकले, मंडळात जिंकले. रस्त्याने मान वर करून चालते.

फक्त तुझ्यापाशी मला जिंकायचं नाही. मी आता फोन करून तुला छळणार नाही. तू करशील तेव्हा ऐकेन, मध्ये बोलणार नाही, आणि हे मला किती जड जाणार आहे ते तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार. नाही केलास, तरी तुझं बरोबर आहे. पण एवढं तुझ्याजवळ लेखी असू दे, कारण ते मेथी निवडताना मी तोंडाने म्हणायला हवं होतं. तू नाटकं करत नव्हतीस. तुला दुखत होतं.

तुझी,
सुलूताई